लेकीसाठी गाळलेल्या पेशी

आठ वर्षांच्या लेकीचा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, उलटला आणि डॉक्टरांनी मूळपेशींच्या ट्रान्सप्लांटचं नाव काढलं. तिला भावंड नाही, दात्यांच्या रजिस्ट्रीत पूर्ण जुळणारा डोनर सापडला नाही. उरलो आम्ही आईबाबा, दोघंही हाफ मॅच, म्हणजे अर्धेच जुळणारे. तपासण्यांनंतर मी डोनर ठरले.

आईच्याच पेशी, मग भीती कसली? डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. माझ्या मूळपेशी तिच्या हाडांत जाऊन नवं रक्त बनवतील, पण सोबत गेलेल्या टी-पेशींना, म्हणजे परक्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, तिचं शरीर परकं वाटेल. त्या तिच्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर तुटून पडतील. याला जीव्हीएचडी म्हणतात. माझ्यातलंच काहीतरी माझ्या पोरीला खाईल, या विचारानं त्या रात्री डोळा लागला नाही. म्हणून त्या पेशी आधी गाळून काढायच्या होत्या.

मूळपेशी हाडांतून रक्तात उतराव्यात म्हणून जीसीएसएफची इंजेक्शनं सुरू झाली. तिसऱ्या दिवसापासून कंबर ठणकायला लागली, पॅरासिटामॉलवर निभावलं. पाचव्या दिवशी मशीनवर साडेचार तास. एका हातातून रक्त जातं, पेशी वेगळ्या होऊन दुसऱ्या हातातून परत येतं. रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या औषधानं कॅल्शियम उतरतं आणि ओठांना मुंग्या येतात. मी संकोचानं गप्प राहिले. तुम्ही राहू नका, लगेच सिस्टरना सांगा.

पुढचं काम लॅबमध्ये. घातक अल्फा-बीटा टी-पेशी आणि बी-पेशींना लोहकण जोडलेल्या अँटीबॉडी चिकटवतात आणि सगळं चुंबकात बसवलेल्या नळीतून सोडतात. त्या पेशी आत अडकून राहतात, मूळपेशी खाली उतरतात. गॅमा-डेल्टा या दुसऱ्या प्रकारच्या टी-पेशी आणि एनके पेशी मात्र मुद्दाम जाऊ देतात. त्या संसर्गाशी, मागे राहिलेल्या कॅन्सरशी लढतात.

रात्री रिपोर्ट आला. मूळपेशी तिच्या वजनाच्या किलोमागे ८० लाख, अल्फा-बीटा पेशी १ लाखाच्या खूप आत. इतक्या खटाटोपातून हाती आली एक छोटीशी, फिकट गुलाबी पिशवी. अर्ध्या तासात ती लेकीच्या सेंट्रल लाईनमधून, म्हणजे मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीतून, गेलीसुद्धा. ती झोपली होती. मी पिशवी रिकामी होईपर्यंत उभी होते.

बाराव्या दिवशी न्यूट्रोफिल, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० च्या वर गेले; माझ्या पेशी तिच्यात रुजल्या होत्या. फोनवर आई म्हणाली, "बारशाच्या दिवशीच गं!" पुढे अंगावर थोडं पुरळ आलं, ते मलमावर गेलं.

तिचा रक्तगट बी पॉझिटिव्ह होता, आता माझा, ओ पॉझिटिव्ह झालाय. शाळेच्या आयकार्डावर जुनाच आहे. सोमवारी जाऊन बदलून घेणार आहे.