जाहिरातींसकट

शनिवार, रात्री

माळ्यावरच्या कॅसेटांपैकी एक अखेर आज चालली. कॅसेट होतीच, व्हीसीआर नव्हता. जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, आणि ती ते बनवणारी जगातली शेवटची कंपनी होती. त्यामुळे आता जे काही शिल्लक आहेत, ते एकाचे भाग दुसऱ्याला लावून चालवलेले. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे एक निघाला. त्यानं आधी हेड पुसलं, मग कॅसेटची पुढची झडप उचलून फितीवर बुरशी आहे का ते बघितलं. डोंबिवलीच्या पावसात माळ्यावर राहिलेल्या फितीला बुरशी नसणं ही त्याच्या मते देवाची कृपा.

लेबलवर बाबांचं अक्षर : ‘भावगीते – अल्फा. पुसू नये.’ तारीख नाही. मागची प्लास्टिकची खिट्टी तोडलेली, म्हणजे चुकूनही कुणी वर क्रिकेटची मॅच टेप करू नये. (ही व्यवस्था माझ्यासाठी होती.)

अल्फा म्हणजे आताचं झी मराठी. १९९९ च्या १५ ऑगस्टला सुरू झालं तेव्हा नाव अल्फा टीव्ही मराठी होतं, २००५ मध्ये बदललं. तिथे तेव्हा मंचावरच्या मराठी गाण्यांच्या मैफली चांगल्या तासभर दाखवत. ‘नक्षत्रांचे देणे’ हा त्यातला सगळ्यांत गाजलेला. त्याच्या पुढे डिस्क निघाल्या, आमच्याकडेही काही आहेत. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ, एका गाण्यामागून दुसरं गाणं. आजच्या कॅसेटमध्ये यातलं काही नाही. वरच्या बाजूला पांढऱ्या रेघा सरकतायत, गायिकेच्या लाल साडीचा रंग साडीबाहेर सांडलेला, आणि मध्येच अचानक चित्र एक गचका खातं, सप्तरंगी पट्टा खालून वर जातो आणि निवेदक अर्ध्या वाक्यातून बोलायला लागतो.

तो गचका मला लगेच ओळखू आला. ते पॉजचं बटण.

बाबा मैफल टेप करायला बसले की घरात कर्फ्यू. रिमोट उजव्या हातात, अंगठा पॉजवर. निवेदक ‘एका छोट्याशा विश्रांतीनंतर’ म्हणायला लागला की खट्. मग कार्यक्रम सुरू व्हायची वाट बघायची, ती पण घड्याळाकडे नजर ठेवून, कारण आमचं यंत्र पाच मिनिटांच्या वर पॉज सहन करायचं नाही, आपणहून बंद पडायचं. जाहिराती रेकॉर्ड होणं बाबांना कमीपणाचं वाटे. तांदळात खडा राहिल्यासारखं.

आणि तरी या कॅसेटमध्ये जाहिराती आहेत. काही ठिकाणी अर्धवट, दोन-तीन सेकंदांच्या, पॉज दाबायला उशीर झाला तेवढ्या. आणि काही ठिकाणी अख्खा ब्रेक.


रविवार

सकाळी आईबाबांना लावून दाखवली. बाबा आता ऐंशीच्या आसपास आहेत. गाणी सुरू झाल्यावर सोफ्यावर मागे टेकले, बोटं गुडघ्यावर ठेका धरायला लागली. पहिला पूर्ण ब्रेक आला आणि ते सरळ होऊन बसले.

“हे कसं काय राहिलं?”

मी म्हटलं, “बाबा, मला तर हेच बघायचंय.”

“ह्यात बघायचंय काय? पुढे घे.”

पुढे घेतलं नाही. बसमध्ये, बसच्या टपावर, मागे, बाजूला, जिथे जागा मिळेल तिथे माणसं लटकलेली, ती बस खड्ड्यांतून हेलकावे खात जातेय आणि एकही माणूस पडत नाही. मागे फेविकॉलचा फलक. शब्द जवळजवळ नाहीतच. आई खळखळून हसली. मग आमिर खान पाच बोटं दाखवत छोट्या कोकची पाच रुपयांची बाटली विकायला आला. मग अमिताभ पोलिओचे दोन थेंब पाजा म्हणून सांगून गेले. मग रिलायन्सचा मोबाइल : ५०१ रुपयांत.

इथे माझं कॅसेटवर नसलेल्या तारखेचं काम झालं. ती ‘मान्सून हंगामा’ योजना २००३ च्या जुलैची. छोट्या कोकची जाहिरात इतकी निर्धास्त आहे म्हणजे पाच ऑगस्टच्या आतलं असणार, कारण त्या दिवशी दिल्लीच्या सीएसई संस्थेनं शीतपेयांमध्ये कीटकनाशकांचे अंश सापडल्याचा अहवाल जाहीर केला आणि पुढचे कितीतरी आठवडे पेपरात दुसरा विषय नव्हता. म्हणजे जुलै २००३. गाण्यांवरून हे कधीच कळलं नसतं. मंचावर जे चाललंय ते १९८३ चंही असू शकतं आणि आजचंही : पांढरा सदरा, पेटी, तबला, मागे फुलांची सजावट, आणि ‘त्या सुवर्णयुगातले’ हे शब्द दर दोन गाण्यांआड.

याच्यावर दिवसभर विचार करत होतो. भावगीत ऐकून मला २००३ आठवत नाही. कारण ते गाणं २००३ मध्ये ठेवून मी कुठे पुढे आलो? ते माझ्या फोनमध्ये आहे, गणपतीत मांडवात वाजतं, कुठल्या तरी स्पर्धेत दरवर्षी कुणीतरी लहान मुलगी ते गाते. हाताळून हाताळून त्याच्यावर सगळ्याच वर्षांचे ठसे बसलेत. ५०१ रुपयांची जाहिरात मात्र त्या पावसाळ्यानंतर मी ऐकलीच नव्हती. ती सुरू झाली आणि आमचा आधीच्या घरातला हॉल, टीव्हीवरचं क्रोशाचं कापड, इनकमिंग फुकट झालं म्हणून आता मोबाइल घ्यावा की नाही यावर काकांशी झालेली बाबांची चर्चा, हे सगळं धाडकन समोर. ज्याची कुणालाच किंमत नव्हती, ज्याला गाळायला बाबा अंगठा टेकवून बसले होते, तेच जसंच्या तसं टिकलं.


रविवार, उशिरा

झोपण्याआधी पुन्हा लावली, एकट्यानं. या वेळी गाण्यांकडे लक्ष नव्हतं, गचके कुठे आहेत ते बघत होतो.

बहुतेक ब्रेक नीट गाळलेत. जिथे निवेदन लांबलंय, जिथे पाहुण्यांचा सत्कार आहे, शाल-श्रीफळ आहे, तिथे बाबांचा अंगठा अचूक. पूर्ण ब्रेक राहिलेत ते फक्त काही गाण्यांनंतर. ‘कल्पवृक्ष कन्येसाठी’ झालं आणि पुढे सगळ्या जाहिराती. ‘गंगा जमुना’ झालं, पुन्हा सगळ्या. दोन्ही पी. सावळाराम आणि वसंत प्रभूंची, मूळ आवाज लताबाईंचा. बाबांना प्रभूंविषयी जे वाटतं ते मला माहीत आहे. १९६८ मध्ये हा माणूस ऐन उमेदीत गेला, आणि गाणी सगळ्यांना पाठ असून नाव निम्म्यांना ठाऊक नाही, हे ते आजही कुणालाही ऐकवतात. सावळाराम ठाण्याचे नगराध्यक्ष होते, हेही त्यात येतंच.

म्हणजे जाहिराती राहिल्या त्या जागी बाबा तिथे नव्हते. अंगठा होता, ते नव्हते. आवडीची गाणी कुठली असं विचारलं तर ते पंचवीस नावं सांगतील आणि त्यातली दहा सभ्यपणापोटी असतील. कॅसेट सभ्यपणा करत नाही.

सगळ्यांत लांब राहिलेला ब्रेक ‘जन पळभर म्हणतील’नंतरचा. तांब्यांची कविता, चाल पुन्हा प्रभूंचीच. मी गेलो तर काय बिघडणार आहे, लोक क्षणभर हळहळतील, सूर्यचंद्र आपापलं काम करत राहतील, सगेसोयरे डोळे पुसून कामाला लागतील. गाणं संपतं. टाळ्या. कॅमेरा प्रेक्षकांत एका आजोबांवर, ते चष्मा काढतायत. आणि पुढच्याच क्षणाला कपडे धुण्याची पावडर. एक बाई दोरीवर चादर झटकून वाळत घालतेय आणि तिचा मुलगा चिखलात उड्या मारतोय.

मला आधी हसू आलं, मग वाटलं, तांब्यांनी दुसरं काय म्हटलंय? गाणं ऐकून जे नुसतं पटतं ते इथे लगेच घडून दाखवलं. डिस्कवर त्या गाण्यानंतर दोन सेकंद काळोख असतो आणि मग पुढचं गाणं. त्या काळोखाला आपण गांभीर्य समजतो.


मंगळवार

आज आईशी बोलताना भ्रमाचा थोडा भोपळा फुटला, तेही लिहून ठेवतो.

मी उत्साहात म्हणत होतो, काय दिवस होते ना, पाच रुपयांत कोक. आई म्हणाली, “पाच रुपयांत कोक तू प्यायलास. मला २००३ म्हटलं की मुलुंड आठवतं.” त्या वर्षी १३ मार्चला कर्जत लोकल मुलुंड स्टेशनात शिरत असताना महिलांच्या डब्यात बॉम्ब फुटला होता. आई तेव्हा ठाण्याहून रोज त्याच लाइननं घरी यायची. त्या दिवशी ती घरी होती, पण नंतर कित्येक महिने सीटखाली वाकून बघितल्याशिवाय बसली नाही. जुलैअखेर घाटकोपरला बसमध्ये स्फोट झाला, ऑगस्टमध्ये गेटवे आणि झवेरी बाजार. फेविकॉलची बस आणि घाटकोपरची बस एकाच पावसाळ्यातल्या. कॅसेटमध्ये एकच आली, आणि येणारच. जाहिरातींचं काम तेच असतं : त्या वर्षी लोकांना काय हवंसं वाटत होतं ते सांगणं. काय झालं ते सांगण्याचे पैसे त्यांना कुणी दिलेले नसतात.

आणि हेही म्हणायला हवं की बहुतेक जाहिराती ऐकायला भयंकर आहेत. हिंदीतून मराठीत आणलेल्या. ओठ एक म्हणतायत, आवाज दुसरंच, आणि भाषा अशी की घरात कुणी बोललं तर ताप आलाय का बघावं. “आता उपलब्ध, नवीन आकर्षक पॅकमध्ये!” मसालेवाल्यांच्या आणि पितांबरीच्या जाहिराती त्या मानानं माणसांच्या मराठीत. विको टर्मरिकचं गाणं हिंदीच राहिलं, पण त्याला तेव्हा कोण हिंदी म्हणत होतं? परळला १९५२ मध्ये सुरू झालेली पेंढरकरांची कंपनी. ‘नहीं कॉस्मेटिक’ हे आम्ही नुसतं यमक समजायचो. पण ही क्रीम सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावर कंपनी आणि अबकारी खातं कितीतरी वर्षं कोर्टात भांडत होते, कारण कराचा दर त्यावर ठरायचा. हे मला फार उशिरा कळलं, आणि तेव्हापासून ते जिंगल ऐकताना वकील दिसतात.

एका ब्रेकमध्ये ‘वादळवाट’ची झलक आहे, शीर्षकगीतासकट. चाल अशोक पत्कींची. हे मला फार आवडलं. ‘धारा धारा शुद्ध धारा’ पत्कींचंच, ‘मिले सुर’मध्येही त्यांचा हात. आपल्याकडे भावगीत करणारा आणि तेलाचं जिंगल करणारा माणूस एकच असायचा, वादकसुद्धा बरेचदा तेच : सकाळी स्टुडिओत वीस सेकंदांचं साबणाचं काम, संध्याकाळी नाट्यगृहात मैफल. लिरिलचं जिंगल वनराज भाटियांनी केलं, जे श्याम बेनेगलांच्या सिनेमांना संगीत देत. गाणी एका बाजूला आणि जाहिराती दुसऱ्या बाजूला ही भिंत आम्ही श्रोत्यांनी बांधली, आणि त्यातही बाबांनी जास्त. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना ती परवडणारी नव्हती.

संध्याकाळी जेवताना बाबांना अंगठ्याचा शोध सांगितला. त्यांना पटला नाही.

“तेव्हा फोन आला असेल कुणाचा तरी.”

“प्रत्येक वेळी प्रभूंच्याच गाण्यानंतर?”

“येतात फोन.”

आई पोळी वाढता वाढता म्हणाली, “अहो, फोन कसला? डोळे मिटून बसायचात. रिमोट मांडीवरून खाली पडला तरी कळायचं नाही. मीच उचलून ठेवायचे.”

बाबांनी ताक मागितलं.

थोड्या वेळानं म्हणाले, पुण्याच्या आत्याला कॅसेटची कॉपी पाठवायची असेल तर ब्रेक काढून पाठव, लोक हसतील. मी हो म्हटलं. आई लगेच म्हणाली, मग मला वेगळी दे, त्यात ती बस ठेव आणि त्या बाईच्या चादरीचं पण ठेव. तेव्हा दोन फायली करायच्या ठरल्या. व्हीसीआर शुक्रवारपर्यंत परत द्यायचाय, आणि माळ्यावर अजून ‘नाट्यगीते १’ आहे, ‘नाट्यगीते ३’ आहे. २ वर बहुधा माझी क्रिकेटची मॅच आहे.