मिक्स हाती येण्याआधीच

मास्टरिंगसाठी, म्हणजे तयार गाण्यांवर प्रसिद्धीपूर्वीचा शेवटचा हात फिरवून घेण्यासाठी, येणारा प्रत्येक बँड सोबत एखादा नमुना घेऊन येतो, आणि 'आमचं असं वाजलं पाहिजे' एवढीच त्याची मागणी असते. गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या माझ्या स्टुडिओत एक जुना बँड आला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये त्याने नाव कमावले होते, पुढे नोकरी-संसारात मंडळी विखुरली, आणि आता पुन्हा एकत्र येऊन त्यांनी अल्बम केला होता. त्यांच्या गिटारवादकाने नमुना म्हणून जी सीडी माझ्यापुढे ठेवली ती मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडच्या 'डेथ मॅग्नेटिक'ची होती. त्या दिवशी माझ्या स्टुडिओत झालेल्या वादात कोणाची बाजू खरी, याचा निकाल मला अजून लागलेला नाही.

ज्यांना या सीडीची पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. १२ सप्टेंबर २००८ रोजी आलेला हा अल्बम मेटॅलिकाचे पुनरागमन मानला गेला, आणि ते रास्तच होते. २००३ च्या 'सेंट अँगर'मध्ये एकही गिटार सोलो नव्हता आणि त्यातल्या स्नेअर ड्रमच्या आवाजावर चाहते आजही चिडतात. त्यानंतर निर्माता रिक रुबिनने बँडला 'मास्टर ऑफ पपेट्स' या जुन्या अल्बमच्या काळातल्या मनःस्थितीत परत जायला सांगितले. सोलो परतले, वळणे घेणारी लांबलचक गाणी परतली, जवळपास दहा मिनिटांची एक शब्दाविना रचनाही आली, आणि अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांतच सुमारे ४ लाख ९० हजार प्रती खपल्या. तक्रार रचनांबद्दल नव्हती. तक्रार अशी होती की अल्बम इतका दाबून, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजांतला फरक मिटवून, मोठा केला होता की ड्रमच्या प्रत्येक ठोक्यावर आवाज फाटत होता.

हे उघडकीस कसे आले, ते आमच्या धंद्यात अजून सांगितले जाते. 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेमसाठी हीच गाणी त्याच दिवशी उपलब्ध झाली होती. त्या खेळाला गिटार, बेस, ड्रम असे सुटे ट्रॅक लागतात, त्यामुळे शेवटच्या टप्प्यातली दाबादाबी होण्यापूर्वीचा आवाज त्यात शाबूत राहिला. चाहत्यांनी दोन्ही ध्वनिलहरी पडद्यावर शेजारी ठेवल्या. खेळातल्या आवृत्तीत शिखरे आणि दऱ्या असलेली डोंगररांग दिसत होती, सीडीवर मात्र वरून-खालून छाटलेली सलग भिंत. पुन्हा मिक्स करा, म्हणजे सुटे ट्रॅक नव्याने एकत्र जुळवा, म्हणून हजारो लोकांनी निवेदनावर सह्या केल्या. मास्टरिंग करणारा टेड जेन्सन हा या क्षेत्रातला अत्यंत आदरणीय माणूस, आणि सगळा राग त्याच्यावर निघाला. एका चाहत्याला पाठवलेल्या उत्तरात त्याने कळवले की मिक्स त्याच्याकडे आले तेव्हाच ते पूर्ण दाबलेले होते. मला हे वाचून मुळीच आश्चर्य वाटले नाही. लोकांना वाटते की शेवटचा हात ज्याचा, दोषही त्याचाच. पण मास्टरिंग करणाऱ्याच्या हातात दोन चॅनेलची एक फाइल येते, आणि तिच्यात जे आधीच कापले गेले आहे ते परत जोडण्याचे साधन जगात कोणाकडेही नाही.

बँडच्या फायली मी पडद्यावर उघडल्या आणि नेमके तेच समोर आले. पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत सगळे ठोके एकाच उंचीवर सपाट कापलेले होते. ज्याने मिक्स केले होते त्याला मी लगेच फोन लावला आणि शेवटचा लिमिटर, म्हणजे ठरावीक पातळीवरची शिखरे दाबणारे साधन, काढून तीच मिक्स पुन्हा पाठव म्हटले. "ताई, बँडला मी त्याच्यावरच ऐकवलंय, सगळा बॅलन्स त्याच्यावर बसवलाय, काढला तर गाणं छोटं वाटेल," असे तो म्हणाला. हे उत्तर मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की आता मला त्या मुलांचा नाही, त्यांना असे काम शिकवणाऱ्यांचा राग येतो. बँडला खूश करायचे म्हणून पहिल्याच दिवशी आवाज चढवायचा, मग त्यापेक्षा लहान काहीही कोणाच्या कानाला पटत नाही, आणि या प्रकाराला 'क्लायंटला आवडलं' असे म्हणायचे. सुदैवाने त्याने जुनी सेशन्स ठेवली होती, आणि दुपारपर्यंत लिमिटरविना फायली आल्या.

आता दोन्ही आवृत्त्या ऐकवायच्या होत्या, आणि या कामात मी कोणतीही घाई चालवून घेत नाही. माणसाच्या कानाला अर्ध्या डेसिबलने मोठा असलेला आवाजही 'चांगला' वाटतो, 'मोठा' वाटत नाही. म्हणून मी दाबलेली आवृत्ती मोजून खाली आणली आणि दोन्हींची सरासरी पातळी सारखी केली. मग एकही शब्द न बोलता एकीवरून दुसरीवर बटण फिरवत राहिले. तिसऱ्या गाण्यात सुरुवातीला नुसती स्वच्छ गिटार आहे आणि मग ड्रमसकट सगळा बँड एकदम आत येतो. लिमिटरविना आवृत्तीत तो प्रवेश छातीवर जाणवत होता. स्नेअरवर काठी पडल्याचा पहिला काही मिलिसेकंदांचा कडक आवाज, मग कातड्याचा, मग खालच्या तारांची सळसळ, असे तिन्ही थर सुटे ऐकू येत होते. दाबलेल्या आवृत्तीत बँड आत येतानाच स्वच्छ गिटार मागे ढकलली जात होती, आणि स्नेअरचा पहिला थर नाहीसा होऊन त्या जागी एक चरचरीत 'टप्' उरला होता.

'डेथ मॅग्नेटिक'चे पहिले गाणेही मी त्यांना ऐकवले. ते हृदयाच्या ठोक्यांनी आणि शांत गिटारने सुरू होते. म्हणजे ऐकणाऱ्याला आधी खाली उतरवून मग वर फेकायचे, अशी रचनेतच योजना आहे. पण सगळे वाद्य आल्यावर फेकायला वर जागाच उरलेली नाही. सीडीमध्ये सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सैद्धांतिकदृष्ट्या ९६ डेसिबलची मोकळीक असते, आणि जगातल्या सर्वांत नामांकित बँडपैकी एकाने आपले पुनरागमन तिच्या सगळ्यात वरच्या चिंचोळ्या पट्टीत कोंबले, हे मला कधीच पटलेले नाही. शिवाय आज स्पॉटिफायसारख्या सेवा सगळ्या गाण्यांची पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (सरासरी मोठेपणाचे माप) आसपास आणून वाजवतात, म्हणजे मोठेपणाचा तो फायदाही उरत नाही आणि फाटलेपण तेवढे कायम राहते.

सगळे ऐकून गिटारवादक बराच वेळ गप्प होता. मग तो म्हणाला, "तुझं सगळं बरोबर असेल, पण मला तो फाटलेलाच आवाज हवाय. आम्ही मेटॅलिका ऐकली तीच तशी."

त्याने सांगितले की मित्राच्या भावाने आखातातून आणलेल्या 'मास्टर ऑफ पपेट्स'च्या कॅसेटची कॉपी, तिचीही कॉपी, असे करत ती त्याच्यापर्यंत पोहोचली होती, आणि घरच्या टू-इन-वनवर पूर्ण आवाजात लावली की स्पीकर भरडल्यासारखा वाजायचा. हे ऐकून मला थांबावे लागले, कारण मेटॅलिकाचा उदयच मुळी अशा कॅसेटांवर झाला. डॅनिश लार्स उलरिकने १९८१ मध्ये लॉस एंजेलिसच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली आणि जेम्स हेटफील्ड भेटला. पुढच्या वर्षी त्यांचे पहिले गाणे एका संकलनात आले, त्याच्या पहिल्या छपाईत बँडच्या नावाचे स्पेलिंगही चुकलेले होते. जुलै १९८२ मध्ये ध्वनिमुद्रित केलेली सात गाण्यांची 'नो लाइफ टिल लेदर' ही डेमो कॅसेट चाहत्यांनी एकमेकांना टपालाने पाठवत, डेकवरून डेकवर उतरवत देशोदेशी नेली. न्यू जर्सीतल्या बाजारात रेकॉर्डचे दुकान चालवणाऱ्या जॉन झाझुलाने ती ऐकली, बँडला पूर्व किनाऱ्यावर बोलावले, आणि त्यांना घ्यायला कोणती कंपनी तयार नाही म्हटल्यावर स्वतःच मेगाफोर्स ही कंपनी काढली. जुलै १९८३ मध्ये 'किल 'एम ऑल' बाहेर आला. १९८६ चा 'मास्टर ऑफ पपेट्स' रेडिओच्या पाठबळाशिवाय आणि एकाही व्हिडिओशिवाय अमेरिकेतल्या पहिल्या तीसांत पोहोचला. म्हणजे हातात खराब आवाज घेऊनच हे लोक जगाला जिंकत गेले, आणि माझ्या समोरचा माणूस त्या जिंकलेल्यांपैकी एक होता.

तरीही ते आणि हे एक नाही, असे मी त्याला सांगितले, आणि आजही माझे मत तेच आहे. कॅसेटवर सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगाने टेप सरकते, प्रत्येक कॉपीमागे खरखर वाढते, वरचे स्वर झिजतात, डेकचा वेग किंचित वेगळा असला तर सूरही सरकतो. पण खरखर संगीताच्या खाली असते आणि कान तिच्यातून पलीकडचे ऐकायला शिकतो. टेपवर आवाज जास्त झाला तर शिखरे हळूहळू गोल होतात, करवतीने कापल्यासारखी तुटत नाहीत. मुख्य म्हणजे मूळ मास्टर टेप शाबूत होती, त्यामुळे पुढे कोणालाही चांगली प्रत मिळू शकली. लिमिटरने कापलेले मात्र मुळातच कापलेले असते. घरचा टू-इन-वन बदलून ते परत येत नाही. "दादा, भरडणारा स्पीकर ऐकणाऱ्याच्या घरात असू दे, रेकॉर्डमध्ये नको," मी म्हणाले.

तो हसला नाही की चिडलाही नाही. गायक आणि बेसवादक त्याच्याच बाजूचे होते. बँडने मत घेतले आणि दाबलेली आवृत्ती निवडली. तिच्यातला सर्वांत वाईट भाग मी सोडवून घेतला: लिमिटरविना मिक्सवरून सुरुवात करून, दोन टप्प्यांत हलके दाबून, फाटण्याच्या अलीकडे थांबत मी ती पातळी गाठली. त्यांच्या मागणीपेक्षा ती थोडी कमी होती, पण त्यांनी मान्य केली. अल्बम तसाच प्रसिद्ध झाला, श्रेयनामावलीत माझे नाव आहे, आणि ओळखीच्या दोन इंजिनिअरांनी फोन करून 'हे तू केलंस?' असे विचारलेही. त्यांना काय उत्तर द्यायचे याचा मी विचार करते तेव्हा मला जेन्सन आठवतो. फरक इतकाच की माझ्याकडे लिमिटरविना फायली होत्या आणि त्याच्याकडे आल्या नव्हत्या. म्हणजे त्याच्याजवळ असलेली सबब माझ्याजवळ नाही. आणि गिटारवादकाच्या कानात तीस-पस्तीस वर्षे बसलेल्या आवाजाला चूक ठरवण्याचा अधिकार मला आहे की नाही, यावर माझे मत दर आठवड्याला बदलते.

मत घेतले तेव्हा ड्रमवादक काही बोलला नव्हता. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला आणि 'ती दुसरी आवृत्ती आहे का अजून?' असे त्याने विचारले. ती सीडीपेक्षा बारकाईच्या २४ बिटमध्ये मी ठेवलेलीच होती. बँडची परवानगी विचारून, गाण्यांच्या क्रमाने लावून ती त्याला पाठवली, आणि जर कधी हा अल्बम एलपीवर निघाला तर लॅकर (छपाईसाठी कापायची मूळ तबकडी) कापायला हीच फाइल द्यावी, असे सोबत लिहिले. त्यावर बाकीच्यांचे उत्तर यायचे आहे.