इतिहासाच्या पदवीचा जमाखर्च

गेल्या गुरुवारी रात्री दाजींचा फोन आला. भाची बारावी झाली आणि आता इतिहासच घ्यायचा म्हणून अडून बसली आहे. पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठाचं माहितीपत्रक तिने घरी आणलंय. बीएची फी वर्षाला सव्वातीन लाख. बँकवाल्याने साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही असं सांगितलंय. "अरं, तू शिकलायस त्यातलंच. फिटंल का हे, सांग बरं."

दोन दिवस द्या म्हटलं आणि माळ्यावरच्या जुन्या डायऱ्या खाली काढल्या.

माझं कर्ज फीपायी झालं नव्हतं. २०११ ला एमएला पुण्यात आलो तेव्हा दोन वर्षांची फी मिळून दहा हजारही नव्हती. पैसा गेला तो सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोलीवर आणि मेसवर, दोन्ही मिळून महिन्याला ३,६००. माण तालुक्यातल्या दीड एकर कोरडवाहू रानातून एवढं निघत नव्हतं. आईने हातातल्या पाटल्या काढून दिल्या. तालुक्याच्या गावी सोनेतारण ६०,००० मिळाले, तेरा टक्क्यांनी. दरवर्षी ७,८०० व्याज भरायचं आणि पावती नवी करून आणायची. एमए झालं, सेट (प्राध्यापकीसाठीची राज्याची पात्रता परीक्षा) निघाली की सोडवू, असं मी आईला सांगितलं होतं.

सेट २०१४ ला निघाली. पण सेटने पात्रता मिळते, पैसे नाही मिळत. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची अधिछात्रवृत्ती, मिळाली असती तर पीएचडी करता करता दरमहा खात्यावर रक्कम आली असती (२०२३ पासून ती ३७,००० आहे). माझी ती थोडक्यात हुकली. मग तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरत्या पैशांवर, शिकवायला लागलो. आठवड्याला जास्तीत जास्त नऊ तास. दिवाळीची सुट्टी, परीक्षा, उन्हाळा, या काळाचे पैसे नाहीत. २०१९-२० च्या डायरीत माझे २३० तास लिहिलेले आहेत. तासाला पाचशेप्रमाणे १,१५,००० झाले. ते दोन हप्त्यांत आले, दुसरा हप्ता पुढच्या ऑगस्टमध्ये. पलीकडच्या वर्गावर तोच पेपर शिकवणारा कायम सहायक प्राध्यापक ५७,७०० च्या मूळ पगारावर सुरुवात करतो.

हे समोर ठेवून दाजींचं गणित मांडलं. साडेसात लाख, दहा टक्के व्याज, दहा वर्षं धरली तर हप्ता ९,९०० च्या वर जातो, वर्षाला जवळजवळ १,१९,०००. शिकत असताना चढणारं व्याज यात धरलेलंच नाही. म्हणजे मी वर्षभर शिकवून जे मिळवलं त्यात त्यांचा एका वर्षाचा हप्तासुद्धा भागला नसता.

आणखी एक आकडा आहे, तो कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. एका संस्थेत कायम जागा निघाली होती. मुलाखतीच्या आधी त्यांचा माणूस मला चहाला घेऊन गेला आणि आकडा बोलला, अडतीस लाख. साडेपाच वर्षांचा मूळ पगार. वडील लगेच रान विकायला तयार झाले, आणि ते सगळं विकूनही एवढे आले नसते. मी नाही म्हणून कळवलं. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि आजही त्या माणसाचा राग येतो. माझ्याबरोबर सेट झालेल्या दोघांनी जमिनी विकल्या. त्यांना मी नावं ठेवत नाही, त्यांचीही घरं आहेत. पण पदवीचं खरं कर्ज हे होतं आणि ते एमए झाल्यानंतर अंगावर आलं. २०२० च्या मे महिन्यात करोनामुळे सरकारने नोकरभरतीच थांबवली, आणि मी वाट बघणं सोडलं.

पोट भरलं ते मोडी लिपीने. एमएला असताना सर्टिफिकेट कोर्स केला होता, केवळ आवड म्हणून. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. तिथे बसून वाचायची सवय लागली. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्द तोडलेले नाहीत, ओळ धरली की सुटत नाही. वर्ष 'अर्बा समानीन मया व अलफ' असं लिहिलेलं असतं. चार, ऐंशी, शंभर, हजार, म्हणजे सुहूर या जुन्या कालगणनेतलं ११८४. त्यात ५९९ मिळवायचे की १७८३ येतं, साल सरत आलं असेल तर एक जास्त. हे पहिल्यांदा जुळलं तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो. २०२१ पासून जमिनीची खरेदीखतं, इनामाचे कागद, वाटणीपत्रं वाचून द्यायला लागलो. पानाला तीनशे ते पाचशे. महिन्याला तासिकांपेक्षा जास्त मिळू लागलं.

२०२३ च्या सप्टेंबरात न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. कोतवाल बुकांची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यू नोंदींची, जुनी पानं मोडीत आणि वाचणारे मोजके. त्या हिवाळ्यात फोन थांबत नव्हता. एक कुटुंब पहाटे पाचला दारात उभं होतं. मुलीचा प्रवेश अडलेला. 'कु.', म्हणजे कुणबी, एवढं तरी दिसतंय का बघा म्हणाले. मी भिंग लावून पान तीनदा वाचलं, तिथे ते नव्हतं. जे नाही ते लिहून देता येणार नाही, हे त्या आईच्या तोंडावर सांगणं मला फार जड गेलं. पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी चुलत घराण्याचं दुसरं पान शोधून दिलं, त्यात नोंद स्पष्ट होती.

जानेवारी २०२४ मध्ये पाटल्या सोडवल्या. ६०,००० मुद्दल, आणि त्याआधी बारा वर्षांत भरलेलं व्याज ९३,६००.

दाजींना शनिवारी सगळं सांगितलं. इतिहास घेऊ द्या, कर्ज काढू नका. साताऱ्यात अनुदानित कॉलेजला घाला, पहिल्या वर्षापासून मोडी शिकू द्या, जमली तर फारसीही. एमएला असतानाच जेआरएफच्या तयारीला लावा. पीएचडीला बार्टी, सारथी, महाज्योती या वेगवेगळ्या समाजघटकांसाठीच्या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्त्याही आहेत. आणि तासिकांवर तीन वर्षांच्या वर थांबू देऊ नका, हे आजच ठरवा.

"तू परत घेतला असतास का इतिहास?" त्यांनी विचारलं.

घेतला असता म्हणालो. पण मोडीचं काम २०१५ लाच सुरू केलं असतं.

भाची रुसली आहे, तिला पुणंच हवंय. रविवारी मुक्कामाला येतेय. सोमवारी तिला पुराभिलेखागारात घेऊन जाणार आहे.