चिमणी ओढत नाही, कारण ती गार पडलेली असते

पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या घरात फायरप्लेसमध्ये कोळशाचा इन्सर्ट, म्हणजे त्या पोकळीत बसणारा बंद स्टोव्ह, बसवला आणि चिमणी ओढेना, म्हणजे आगीचा वायू वर खेचेना, की पहिला संशय स्टोव्हवर जातो. बहुतेक वेळा खोट चिमणीतच असते. उघड्या आगीसाठी बांधलेली धुराची वाट आतून १२ बाय १२ इंच असेल, तर क्षेत्रफळ झालं १४४ चौरस इंच. इन्सर्टचं ६ इंची गोल तोंड जेमतेम २८. पाचपट मोठ्या पोकळीत वायू रेंगाळतो आणि निवतो. अँथ्रासाइट या कडक दगडी कोळशाचा वायू लाकडापेक्षा मुळातच कमी तापलेला. त्यात चिमणी घराबाहेरच्या भिंतीला असेल तर विटाच त्याची उरलीसुरली धग खाऊन टाकतात.

लाकूड असतं तर खोलीत धूर कोंडला असता, डोळे चुरचुरले असते. अँथ्रासाइटला धूर नाही. ओढ मेली की कार्बन मोनॉक्साइड घरात पसरतो आणि त्याला ना रंग ना वास. म्हणून प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ त्याचा अलार्म आधी लावा, कोळसा मग पेटवा.

उपाय एकच, पण पूर्ण करायचा: इन्सर्टच्या तोंडापासून थेट माथ्यापर्यंत ६ इंची स्टीलचा लायनर, म्हणजे चिमणीच्या आत सोडायची नळी. तो कोळशाला चालतो, हे कंपनीकडून लेखी घ्या. लाकडाला चालणारा प्रत्येक लायनर कोळशाला टिकत नाही. लायनरभोवती अर्धा इंच जाडीचं सिरॅमिक ब्लँकेट, म्हणजे धग धरून ठेवणारं आवरण, गुंडाळा. जुन्या डॅम्परच्या, म्हणजे धुराची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपेच्या, जागी पत्रा मापात कापून बसवा, फटी उष्णतारोधक सीलंटने भरा आणि पत्र्यावर रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंचा उष्णतारोधक कापूस, दाबा. हा पत्रा बहुतेक जण टाळतात आणि खोलीतली ऊब वर निघून जाते. माथा छपरापासून किमान ३ फूट वर हवा, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याहून २ फूट उंच.

ओढ अंदाजाने ठरवू नका, दाबातला फरक मोजणारा मॅनोमीटर लावा. साधारण ०.०४ ते ०.०६ इंच पाणी (हे दाब मोजायचं एकक) एवढी ओढ लागते. स्टोव्हच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट आणि कपड्यांचा ड्रायर चालू ठेवून माप घ्या, मग खिडकी इंचभर उघडा. आकडा लगेच वाढला तर घरालाच हवा कमी पडते आहे. तिथे चिमणीवर पैसे घालून उपयोग नाही, बाहेरून हवा आणायची सोय करा.

ऑक्टोबरातल्या उबदार दिवशी ओढ कमीच असते. कोळसा घालण्याआधी बारीक सुक्या लाकडांचा जाळ करून लायनर तापवा. नंतर नवा कोळसा घालताना सगळे निखारे झाकू नका. एका कोपऱ्यात लाल निखारा उघडा ठेवा. वर येणारा वायू तिथे निळ्या ज्योतीने पेटत राहतो. सगळं झाकलं तर तो साचतो आणि एकदम भडकतो.

जानेवारीत बरी असलेली ओढ फेब्रुवारीत उतरली, तर लायनर जिथे इन्सर्टला जोडलेला असतो तिथे पाहा. लायनर सरळ उभा असल्याने पिठासारखी राख तिथेच खाली पडून साचते. थंड स्टोव्हमधून ती महिन्याला काढा. वसंतात आग विझवली की त्याच आठवड्यात ब्रश फिरवा. राखेतलं गंधक दमट हवेत आम्ल होऊन स्टीलला भोकं पाडतं.