माळकरी काकू आणि नाम प्ला

बँकॉकच्या टूरमध्ये एका दिवसापुढे ‘संध्याकाळ मोकळी’ असं छापलेलं असतं. टूर मॅनेजरसाठी सगळ्यात जोखमीची वेळ तीच. थायलंडमध्ये गाइडचा परवाना थाई नागरिकालाच मिळतो आणि त्याची वेळ संध्याकाळी संपलेली असते. कंपनीचं जेवण नसतं. रोज तोच पंजाबी बुफे खाऊन मंडळी कंटाळलेली असतात. माहितीपत्रकावर ‘शुद्ध शाकाहारी सोय’ छापायची आणि नेमकी ही संध्याकाळ वाऱ्यावर सोडायची, हे मला कधीच पटलेलं नाही.

अशा संध्याकाळी मी ग्रुपला ओंग आंग कालव्यावर नेतो. सॅम योत मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येतं. कालवा पहिला राम या थाई राजाच्या काळात, १७८३ मध्ये, जुन्या शहराच्या वेशीवर खणलेला. पुढे त्याच्यावरच खेळण्यांची आणि व्हिडिओ गेमची दुकानं पसरली. खाली पाणी आहे हे दिसेनासं झालं. २०१५ मध्ये महापालिकेनं ती हटवली, काठ बांधून काढले, भिंतींवर चित्रं काढून घेतली आणि २०२० पासून शुक्रवार ते रविवार संध्याकाळचा बाजार भरू लागला. त्यात खंडही पडतो, म्हणून आदल्या दिवशी गाइडकडून खात्री करून घ्यावी. वाटेवर वाहनं नाहीत, दोन्ही काठ समोरासमोर, मध्ये पूल. चुकलेला माणूस पटकन सापडतो. शिवाय लागूनच पाहुरातचा भारतीय कापडबाजार आहे, त्यामुळे शाकाहारी खानावळी हाकेच्या अंतरावर.

शाकाहारी माणसाची फसगत होते ती पॅड थाईच्या गाडीवर. वरवर त्यात काहीच आक्षेपार्ह दिसत नाही. तांदळाचे चपटे नूडल्स, तेही उकडलेले नाहीत, नुसते पाण्यात भिजवलेले. तव्यात तेल, टोफू, खारवलेल्या मुळ्याचे बारीक तुकडे, मग नूडल्स आणि वरून सॉस. कोळंबी आणि अंडं नको म्हटलं की तो घालत नाही, सुकटीची वाटीही बाजूला ठेवतो. पण सॉसमध्ये चिंचेचा कोळ आणि ताडगुळाबरोबर नाम प्ला असतं. मीठ लावलेले छोटे मासे टाक्यांमध्ये महिनोन्‌महिने मुरवून काढलेलं हे तांबूस पाणी तिथल्या स्वयंपाकात मिठाच्या जागी येतं. गर्दीच्या गाडीवर हा सॉस दुपारीच एका भांड्यात कालवून ठेवलेला असतो. तुमच्यापुरतं नाम प्ला वगळणं त्याला शक्यच नसतं.

म्हणून आधी तव्याशेजारच्या बाटल्या आणि भांडी बघायची. सॉस तयार असेल तर पुढे चालायचं. सुटं सुटं घालत असेल तर नाम प्लाऐवजी सी-यु खाव, म्हणजे पातळ सोया सॉस, मागायचा आणि तवा आधी पुसून घ्यायला सांगायचं. सोम तामच्या, म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीच्या, नादी लागू नये. सुकट काढली तरी नाम प्ला राहतं. सूपाचं पाणी हाडांचं असतं. खनोम बुआंग या कुरकुरीत घडीवरचं पांढरं क्रीम अंड्याच्या पांढऱ्याचं. आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात, तळलेली केळी, खनोम क्रोक (आप्पेपात्रासारख्या तव्यातले तांदूळ-नारळाचे गोळे, पातीचा कांदा नको सांगून) हे चालतं. पिवळ्या पताकेवर लाल रंगात इंग्रजी आकड्यातल्या 17 सारखं अक्षर दिसलं की ती गाडी ‘जे’ची, म्हणजे कडक शाकाहारी, तिथे अंडं, दूध, लसूण, कांदाही नसतो. जैन मंडळींना मी तिथेच नेतो.

हे सगळं थाईत लिहून घेतलेलं लॅमिनेट केलेलं कार्ड मी पहिल्याच दिवशी प्रत्येकाला देतो. बहुतेकांचं हॉटेलच्या खोलीत राहतं.

त्या शुक्रवारी मी समोरच्या काठावर जैन कुटुंबाबरोबर होतो. परत आलो तेव्हा ग्रुपमधल्या माळकरी काकू पॅड थाई खात होत्या. मुलानं मोबाइलच्या ॲपवर ‘शाकाहारी’ लिहून दाखवलं होतं. पोऱ्यानं मान हलवून कोळंबी आणि अंडं वगळलं होतं. त्याच्या बाजूनं तो प्रामाणिकच होता. तव्याशेजारी सॉसचं भांडं आणि नाम प्लाची अर्धी रिकामी बाटली.

काकूंनी विचारलं, “चव छान आहे हो. आंबट-गोड काय घालतात यात?”

मी सांगितलं. सगळंच सांगितलं.

काकूंनी ताटली खाली ठेवली, चूळ भरली, गळ्यातल्या माळेला हात लावला. “त्या पोराला ठाऊक होतं?” मी नाही म्हटलं. “मग त्याला काही बोलू नका.” मग तिथल्याच पायरीवर बसून त्यांनी आपल्या वारकरी फडावरच्या महाराजांना फोन लावला. अजाणता घडलं, एक उपास कर आणि नाम घे, असं ते म्हणाले. काकू उठून कापडाची दुकानं बघायला निघाल्या.

बिथरला तो मुलगा. “तुम्ही चिंच म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? आईला पुढचे तीन दिवस घास जाणार नाही.” तो अगदीच चूक बोलत नव्हता. काकूंनी उरलेली टूर फळं आणि दहीभातावर काढली. ऑफिसात त्याची तक्रार आली आणि वरिष्ठांनी मला सांगितलं, पुढच्या वेळी ‘व्हेज आहे’ म्हणायचं आणि विषय संपवायचा.

ते मला जमणार नाही. पॅड थाई पटायातही गल्लोगल्ली मिळतं. खरं कळलं नसतं तर काकूंनी तिथेही तेच मागितलं असतं, आणि तेव्हा ते अजाणता म्हणता आलं नसतं, निदान माझ्यापुरतं तरी. शिवाय त्यांनी सरळ विचारलं होतं. विचारणाऱ्याला खोटं सांगायचं नाही, इथपर्यंत माझं पक्कं आहे.

मी अडतो ते त्याच्या अलीकडे. त्यांनी काही विचारलंच नसतं, ताटली संपत आली असती आणि दुसऱ्या दिवशीचं विमान परतीचं असतं, तर? मुलाला बाजूला घेऊन सांगायचं की थेट काकूंना? मुलाला सांगितलं तर तो गप्प बसणार हे उघड आहे, आणि मग व्रत कुणाचं आणि निर्णय कुणाचा? टूर लाइनमधल्या जुन्या मंडळींना विचारलं. निम्मे म्हणतात बोलू नये, निम्मे म्हणतात बोलावंच.