आमची वाटचाल : परळचे टोप आणि शनिवारची बैठक

कर्करोगाचं टाटा रुग्णालय परळला 1941 साली सुरू झालं. पुढे आसपासच्या गल्ल्यांत औषधांची दुकानं, खानावळी, खोल्या देणारे असं सगळं वाढत गेलं. आमचा गाळा त्यातलाच. केमोत केस गेलेल्यांसाठी आम्ही केसांचे टोप करतो. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर ब्रामध्ये घालायचे सिलिकॉनचे उभारही ठेवतो.

माझे पहिले भागीदार म्हणजे मास्तर. त्यांची हयात नाटकांचे टोप गुंफण्यात गेली. त्यांच्याकडे हात होता, माझ्याकडे वडिलांचा गाळा. मास्तरांची खिळे ठोकलेली लाकडी पाटी आम्ही आजही वापरतो. केसांची जुडी तिच्यातून ओढली की आखूड केस खिळ्यांत राहतात आणि लांब तेवढे हातात येतात. मग सगळ्यांची मुळं एका बाजूला लावायची. एक जुडी जरी उलटी गेली तरी टोप धुतल्याबरोबर गुंता होतो. पुढे जाळी लाकडी डोक्यावर ताणून बारीक आकड्याने गाठी मारायच्या. मागे दोन-दोन केस, भांगाशी एकच. पूर्ण टोपाला आठवडे लागतात.

माप द्यायला, टोप घालून बघायला आलेल्या बायका गप्पा मारत बसायच्या. त्यातूनच शनिवारची बैठक सुरू झाली. साताऱ्याच्या एक निवृत्त शिक्षिका, आमच्या काकू, पहिल्यापासून येतात. त्यांनी टोप कधीच घेतला नाही. "माझ्या आजीचं डोकं लोकांनी जबरदस्तीनं भादरलं होतं. माझे केस औषधानं गेलेत, मी का लपवू?" असं त्या म्हणायच्या. शेजारी बँकेत नोकरी करणारी एक मुलगी बसायची. तिला काउंटरवर कुणी विचारूच नये इतका हुबेहूब टोप हवा होता. काकूंनी तिच्या भांगाचं काम स्वतः आरशासमोर उभं राहून तपासून घेतलं. दोघींचं मत शेवटपर्यंत वेगळंच राहिलं, आणि मला त्याचा अभिमान आहे.

मग तो शनिवार आला. एक ताई म्हणाल्या, "मी गव्हांकुराचा रस घेते, पुढची केमो घेणार नाही." दुसऱ्या बाईंची बहीण उपचार अर्धवट सोडून वारली होती. त्या ओरडल्या, रडल्या, बैठक मोडली. हे स्वाभाविक होतं. पण आमच्याच गल्लीतल्या एका दुकानदाराने त्याचं भांडवल केलं. 'तिथे बायकांना केमो सोडायला सांगतात,' असं त्याने पेशंटच्या नातेवाइकांना, खोल्या देणाऱ्यांना सांगत फिरायला सुरुवात केली. हाच माणूस नायलॉनसारखे तयार टोप खऱ्या केसांचे म्हणून विकत होता! एक केस जाळून बघा. खऱ्या केसाची राख होते आणि जळक्या पिसासारखा वास येतो. नकली केस आक्रसून त्याची कडक गुठळी होते. एवढी साधी परीक्षा कुणी केली नाही, आमच्याविषयीची अफवा मात्र सगळ्यांनी ऐकली. ऑर्डरी थांबल्या. कारागिरांचे पगार द्यायला मी बांगड्या मोडल्या. मास्तर म्हणाले, बैठक बंद करा, धंदा वाचेल.

मी बंद केली नाही. काकूंनी तोडगा काढला : इथे जी ती स्वतःचं सांगेल, दुसरीला 'तू असं कर' म्हणणार नाही, आणि औषध सोडायचा विचार असेल तर तो आधी डॉक्टरांच्या कानावर घालायचा. यामागे कारण आहे. स्तनाचा कर्करोग सगळ्यांचा एकसारखा नसतो. कुणाची गाठ हार्मोनवर वाढते, कुणाच्या गाठीत हर-टू नावाचं प्रथिन जास्त असतं, आणि औषधं त्याप्रमाणे बदलतात. लाल केमोवर, म्हणजे डॉक्सोरुबिसिनसारख्या लाल रंगाच्या औषधावर, जवळजवळ सगळे केस जातात, कॅपेसिटाबिन या केमोच्याच गोळ्यांवर सहसा टिकतात. म्हणून 'माझे नाही गेले, तुझे कसे गेले?' हा प्रश्नच चुकीचा. त्या गव्हांकुरवाल्या ताईंनी पुढे काय केलं, ते मी लिहिणार नाही. तो त्यांचा विषय. त्या दोघी पुढेही बैठकीला येत राहिल्या, एवढं सांगते.

धंदा हळूहळू सावरला. मास्तर गेले, लॉकडाऊन आला आणि गेला, नव्या मुली गाठी शिकल्या. त्या दुकानदाराने आपले शब्द आजवर मागे घेतलेले नाहीत.

आता थोडं कामाचं. केमो सुरू झाल्यावर केस साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गळतात, म्हणून माप आणि फोटो त्याआधी द्या. टोप थंड पाण्यात धुवा, पिळू नका. नकली केसांचा टोप घालून गॅसपाशी उभ्या राहू नका, वाफेनेही केस आखडतात. सिलिकॉनचा उभार जखम भरल्यावर, डॉक्टरांना विचारूनच घ्या. तोवर कापसाचा हलका वापरा. आणि या धंद्यात येणाऱ्या पोरांनो, रुग्णालयाच्या फाटकाशी गिऱ्हाईक गाठायला माणसं उभी करू नका. जिला टोप नको तिला चहा द्या, आग्रह करू नका.

बैठक दर शनिवारी दुपारी असते. काही विकत घेतलंच पाहिजे असं नाही.