तानसेकाठचं कढत पाणी

वज्रेश्वरीला येणारे बहुतेक जण देवीचं दर्शन घेतात आणि वेळ उरला तर कुंडावर जातात. मला कुंडंच पाहायची होती, म्हणून डिसेंबरातल्या सकाळी आधी अकलोली गाठली.

विरारपासून पूर्वेला तीसेक किलोमीटरवर, भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठाला वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही गावं लागून आहेत. तिन्हीकडे जमिनीतून गरम पाणी येतं. अकलोलीत रामेश्वराच्या देवळापाशी दगडी बांधीव कुंडं आहेत. पाण्यावर वाफ होती आणि तळातून बुडबुडे वर येत होते. शेजारच्या गावातून आलेल्या एक आजी गळ्यापर्यंत पाण्यात बसल्या होत्या. मी घाईने उतरतेय हे बघून म्हणाल्या, "पोरी, आधी पाय सोड. मग गुडघा, मग कंबर. एकदम बसायचं नाही." गुडघेदुखीसाठी त्या हिवाळाभर येतात. पाणी पन्नास अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे त्यांचं ऐकणंच बरं. हळूहळू अंग सरावलं आणि मग उठावंसं वाटेना.

सगळे याला गंधकाचं पाणी म्हणतात. तसा किंचित वास येतोही. पण ओठांवर आलेला थेंब चक्क खारट लागला, आणि या पाण्याचा खरा स्वभाव तोच आहे. यात सोडियम-कॅल्शियमची क्लोराइडं, म्हणजे क्षार, भरपूर आहेत. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोलवर उतरतं. पृथ्वीच्या पोटात दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढत जाते. तिथे ते तापतं, खडकातले क्षार विरघळवून घेतं आणि दुसऱ्या एखाद्या भेगेतून वर येतं. इथला काळा पाषाण ज्वालामुखीचा असल्यामुळे "खाली लाव्हा आहे" असं कुंडावर हमखास ऐकायला मिळतं. पण तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, केव्हाच थंड झालेला. आजची उष्णता खोलीची आहे. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या पट्ट्यात असे झरे थेट दक्षिणेपर्यंत सापडतात: पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, संगमेश्वराजवळचं तुरळ, राजापूरचं उन्हाळे. त्यांत उन्हवरेचं पाणी सर्वांत कढत, सत्तर अंशांच्या घरातलं.

लोकांनी या उष्णतेचं कारण आपल्या परीने कधीच शोधून ठेवलंय. कोणी सांगतं, देवीने इथे दैत्य मारले, त्यांचं रक्त म्हणजे हे पाणी. कोणी म्हणतं, परशुरामाने इथे यज्ञ केला, आजूबाजूच्या टेकड्या त्या यज्ञाच्या राखेच्या. मला ही दुसरी कथा फार आवडते. जमीन कधीतरी आगीतून गेली आहे, हे सांगणाऱ्याने नुसत्या डोळ्यांनी ओळखलं होतं.

दुपारी देवळात गेले. देवीचं मूळ ठाणं इथून जवळच गुंज गावी होतं. पोर्तुगिजांनी ते उद्ध्वस्त केल्यावर देवी वडवलीला आली, आणि देवीमुळे वडवलीचीच वज्रेश्वरी झाली. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी इथे नवस केला, की किल्ला हाती आला तर देऊळ बांधीन. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि नवस फेडला गेला. बावन्न पायऱ्या चढून वर गेलं की देवळाभोवतीचा दगडी कोट दिसतो. किल्ल्यासाठी बोललेल्या नवसाचं देऊळ किल्ल्यासारखंच दिसावं, हे मला अगदी योग्य वाटलं. दारावरचा नगारखाना बडोद्याच्या गायकवाडांनी बांधला.

गणेशपुरीला भीमेश्वराच्या देवळाशेजारी पुन्हा कुंडं आहेत. केरळातून आलेले नित्यानंद स्वामी १९३०च्या दशकात इथे स्थिरावले, तेव्हा भोवती दाट रान होतं. १९६१ मध्ये त्यांनी समाधी घेतली. आज गावात देशोदेशीचे भक्त भेटतात, पण स्वामींच्या आधीही इथे माणसं येत होती ती याच पाण्यासाठी.

म्हणूनच कुंडांची आजची अवस्था बघवत नाही. काठावर शाम्पूच्या पुड्या, पाण्यात साबणाचा फेस, निर्माल्य. अंघोळीपुरता पाण्याला स्पर्श करायचा आणि साबण घरी ठेवायचा, एवढं तर प्रत्येकाला जमेल.

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. तेव्हा तानसेचं पाणी उतरलेलं असतं आणि नदीच्या पात्रातले झरेही उघडे पडतात. पावसाळ्यात ते बुडतात आणि पात्रात उतरणं धोक्याचं असतं. विरार आणि भिवंडी दोन्हीकडून एसटी मिळते. सकाळी लवकर पोहोचा, गर्दी कमी असते. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच उतरावं, आणि बाकीच्यांनीही दहा-पंधरा मिनिटांत बाहेर येऊन भरपूर पाणी प्यावं.